अँटिगनीत शोकांतिकेचा नायक कोण धरायचा?

परीक्षार्थी:
परवा पेपर आहे आणि एका ठिकाणी गाडं अडलंय. ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या नाटकाला नाव अँटिगनीचं, राजा क्रेऑनची मनाई मोडून भावाला माती द्यायची म्हणून मरायला तयार होणारी पण तीच, पण हॅमार्शिया, पेरिपेटिया, अ‍ॅनॅग्नोरिसिस (सत्य उमगणं) हे अ‍ॅरिस्टॉटलचे शोकांतिकेचे निकष लावायला गेलं की सगळं क्रेऑनलाच बसतं. मग लिहू काय? आणि गाईडमध्ये हॅमार्शिया म्हणजे स्वभावदोष असं दिलंय, बरोबर आहे का?

ओसरीवरचा:
ते गाईड बाजूला ठेव आधी. हॅमार्शिया हा मुळात नेम चुकण्याचा शब्द. माणूस दुष्ट नाही पण त्याच्या हातून मोठी चूक होते, ती. क्रेऑनची मग्रुरी म्हणजे ह्युब्रिस, ती वेगळी.
माझं मत क्रेऑनला. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस बजावून गेल्यावर तो हादरतो, कोरसमधले (नाटकात भाष्य करणाऱ्या समूहातले) म्हातारे स्पष्ट सांगतात की जिवंत कोंडलेल्या पोरीला, अँटिगनीला, आधी गुहेतून सोडव, मग मेलेल्याला पुर. आणि हा करतो उलटं! आधी तिच्या भावाचे, पॉलिनायसीसचे अंत्यसंस्कार, वर मातीचा ढिगारा, आणि मग गुहेकडे, तोवर तिने ओढणीचा फास लावून घेतलेला आणि क्रेऑनचा मुलगा, तिचा होणारा नवरा हिमॉन तिच्या कमरेला मिठी मारून रडतोय. बापाला बघून तो तोंडावर थुंकतो, तलवार उपसतो, वार हुकतो, मग तीच स्वतःच्या कुशीत खुपसतो. पेरिपेटिया म्हणजे डाव उलटणं, तो इथे उलटतो.

माजघर:
मला हे पटत नाही. नाटक इ.स.पू. ४४१ च्या सुमाराचं, अ‍ॅरिस्टॉटलचं पोएटिक्स हे शोकांतिकेवरचं पुस्तक त्यानंतर साधारण १०० वर्षांनी आलं, मग त्याच्या मापात बसत नाही म्हणून तिला नायिकापदावरून का उतरवायचं? तिला पहिल्या प्रवेशापासून माहितीये काय होणार, बहिणीला, इस्मीनला ती तसं सांगते पण. आणि तरी गुहेकडे नेताना लग्नाविना चालले म्हणून ती रडते, तिथे मला दरवेळी भरून येतं. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने दोघांच्या बाजूला न्याय दिसतो म्हटलंय, ते उत्तरात नक्की घाल.

परीक्षार्थी:
खूप आभार दोघांचे. दोन्ही बाजू मांडून क्रेऑनकडे झुकतं लिहीन म्हणते, कारण आता परत वाचताना क्रेऑनच्या बायकोपाशी, युरिडिसीपाशी थांबले, पोराची बातमी ऐकते आणि एक शब्द न बोलता आत निघून जाते, ती गप्प गेली याचीच कोरसला भीती वाटते. आत तिने वेदीपाशी जीव दिला हे कळतं तेव्हा क्रेऑन नुसता मला इथून न्या म्हणत राहतो.