शब्दचर्चा : 'मॅट्रिक्सरूप' नेमके कशाला म्हणायचे?

प्रश्न : एखाद्या क्रमसापेक्ष बीजगणिताला (जिथे अ·ब आणि ब·अ वेगळे असू शकतात) 'मॅट्रिक्सरूप आहे' असे म्हणतात. म्हणजे ते मॅट्रिक्सचेच बनलेले असते, मॅट्रिक्समध्ये बसते, की नुसते 'प्रतिरूपण' असते?

उत्तर : तिन्ही अर्थ वेगळे आहेत. बेरीज-गुणाकार सांभाळून प्रत्येक घटकाला मॅट्रिक्स नेमून दिला की ते प्रतिरूपण. दोन घटकांना एकच मॅट्रिक्स मिळाला तरी चालते. ही नेमणूक एकास-एक असेल तरच 'मॅट्रिक्समध्ये बसते' म्हणावे. 'मॅट्रिक्स-बीजगणित' हा शब्द न×न आकाराचे सगळे मॅट्रिक्स आले तरच.

हॅमिल्टनची क्वाटर्नियन (१८४३) घ्या: चार वास्तव संख्यांनी ठरणाऱ्या संख्या, जिथे इ, ज, क यांचे वर्ग −१ आणि इ·ज = क, पण ज·इ = −क. अ + ब·इ + स·ज + द·क ला पहिली ओळ (अ+ब·इ, स+द·इ) आणि दुसरी ओळ (−स+द·इ, अ−ब·इ) असा २×२ संमिश्र मॅट्रिक्स द्या (मॅट्रिक्समधला इ म्हणजे नेहमीचा √−१). निश्चयक (डिटरमिनंट) अ²+ब²+स²+द² येतो, म्हणून शून्येतर प्रत्येकाला व्यस्त मिळतो. पण २×२ संमिश्र मॅट्रिक्सची वास्तव मिती (घटक ठरवायला किती वास्तव संख्या लागतात) ८ आणि क्वाटर्नियनची ४. तेव्हा 'बसते' म्हणा, 'मॅट्रिक्स-बीजगणित आहे' म्हणू नका.

दुसरे उत्तर : रूप काढायची सर्रास वापरली जाणारी रीत म्हणजे डावा गुणाकार. क्षेत्रावर (वास्तव संख्यांसारख्या, शून्येतर प्रत्येकाने भागता येणाऱ्या संचावर) न मितीचे बीजगणित असेल तर न घटकांचा आधार (ज्यांच्या पटींच्या बेरजेने प्रत्येक घटक एकाच प्रकारे लिहिता येतो) निवडा, दिलेल्या घटकाने प्रत्येक आधारघटकाला डावीकडून गुणा आणि उत्तराचे सहगुणक स्तंभात लिहा. ओळीत लिहिले तर गुणाकाराचा क्रम उलटतो. क्रमसापेक्ष बीजगणितात ही चूक सगळे बिघडवते. शिवाय एकक घटक (१ सारखा, ज्याने गुणून काही बदलत नाही) हवा. तो नसेल आणि सगळे गुणाकार शून्य असतील, तर प्रत्येकाला शून्य मॅट्रिक्सच मिळेल. अशा वेळी एकक बाहेरून जोडा. आकार न+१ होतो.

या रीतीने क्वाटर्नियनना ४×४ वास्तव रूप मिळते. एकक जपायचा तर ३×३ मध्ये ती बसत नाहीत: स्तंभांचा अवकाश क्वाटर्नियनवरचा अवकाश बनतो, म्हणून त्याची वास्तव मिती ४ च्या पटीत हवी.

प्रश्न : मग अनंत मितीच्या बीजगणिताला 'मॅट्रिक्सरूप' नसतेच का?

उत्तर : तसे नाही. क्रमनिरपेक्ष वलयावरचे (वलय म्हणजे जिथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार करता येतात असा संच; क्रमनिरपेक्ष म्हणजे अ·ब = ब·अ) २×२ मॅट्रिक्ससुद्धा क्षेत्रावर अनंत मितीचे असू शकतात, उदाहरणार्थ नोंदी बहुपदी असतील तर. अडथळा दुसरीकडे असतो. ज्या बीजगणितात प·फ − फ·प = १ असे प, फ आहेत ते पाहा. प, फ हे न×न मॅट्रिक्स मानले, तर डाव्या बाजूच्या कर्णाची बेरीज नेहमी शून्य, उजवीकडे न. ज्या वलयात परिमेय संख्या आहेत तिथे हे अशक्य. क्षेत्राचे लक्षण (१ किती वेळा मिळवल्यावर शून्य येते ती संख्या) मूळ संख्या असेल तर मात्र तेवढ्याच आकाराचे असे मॅट्रिक्स सापडतात.

आमित्सूर–लेवित्स्की प्रमेय (१९५०) आणखी धारदार आहे : क्रमनिरपेक्ष वलयावरचे कोणतेही २न मॅट्रिक्स (आकार न×न) सर्व क्रमांनी गुणून, क्रमचय सम तर अधिक, विषम तर उणे चिन्ह देऊन बेरीज केली की शून्य येते. २×२ साठी ४ मॅट्रिक्स, २४ पदे. दोन चलांच्या मुक्त बीजगणितात (चलांवर कोणतेही बंधन नसलेल्या, क्रम पाळणाऱ्या बहुपदींत) असे कोणतेच तादात्म्य (सगळ्या घटकांसाठी खरे असलेले समीकरण) नाही, म्हणून ते कुठल्याच आकारात बसत नाही.

जोड : उलट दिशेने मात्र हा निकष वापरू नये; तादात्म्य खरे आहे, म्हणून वलय मॅट्रिक्समध्ये बसतेच असे नाही. क्रम २ आणि क्रम ४ च्या चक्रीय गटांची थेट बेरीज घ्या. तिच्या अंतःसमरूपतांचे (बेरीज सांभाळून तिला तिच्यातच नेणाऱ्या नेमणुकांचे) वलय अवघ्या ३२ घटकांचे. बेरजेसाठी ४ जनक पुरतात, म्हणून ५ घटकांचे वरचे तादात्म्य तिथे आपोआप खरे ठरते. तरीही गणितज्ञ बर्गमन यांनी १९७४ मध्ये दाखवले की हे वलय कोणत्याही क्रमनिरपेक्ष वलयावरच्या मॅट्रिक्समध्ये बसत नाही. म्हणून 'सांत आहे, म्हणजे मॅट्रिक्सरूप असणारच' हे वाक्य क्षेत्रावरच्या बीजगणितापुरतेच लिहावे.