अनुभव धागा : भायखळ्याचं फायर ब्रिगेड आणि तिथली माणसं

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन दलाच्या शहीद जवानांना मानवंदना देतात. १९४४ साली याच दिवशी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. तारीख पुष्कळांना ठाऊक असते. मला या जवानांच्या घरचं, शेजारचं ऐकायचंय. दोन ओळी असल्या तरी लिहा.

*

मी ब्रिगेडच्या क्वार्टर्समध्ये वाढले. खाली गाड्या, वर आम्ही. आगीची वर्दी आली की किती गाड्या बाहेर पडल्या ते आम्ही पोरं आवाजावरून ओळखायचो. इतर केंद्रांच्याही मागवल्या, म्हणजे ब्रिगेड कॉल. मग कुणी झोपत नसे. बायका जिन्यात बसून राहायच्या. जिचा माणूस आधी परतेल तिनं बाकीच्यांसाठी चहा टाकायचा, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. बाबांच्या कपड्यांच्या वासावरून आई ओळखायची, गोदाम कापडाचं होतं की रबराचं.

*

गोदीतल्या त्या स्फोटाच्या वेळी आजोबा मशीद बंदरला एका पेढीवर होते. जहाजात कापूस आणि जवळजवळ १,४०० टन स्फोटकं. आत काय आहे ते कळल्यावरही बंबवाल्यांनी पाणी मारणं थांबवलं नाही. चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. जळता कापूस आभाळातून पडत होता, असं आजोबा सांगायचे. पुढे आयुष्यभर बंब दिसला की ते उभे राहून हात जोडायचे.

*

काळबादेवी, ९ मे २०१५. गोकुळ निवासच्या आगीत चार अधिकारी गेले : सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई. नेसरीकर तर दलाचे प्रमुख. एवढ्या हुद्द्याचा माणूस आगीच्या तोंडाशी उभा असतो, हे आमच्या गल्लीनं तेव्हा पाहिलं. याहून जास्त लिहवत नाही.

*

मी निवृत्त फायरमन. डोंगरीत एकदा गाडी गल्लीत वळेना. होज, म्हणजे पाण्याचा पाइप, खांद्यावर घेऊन पळालो. तोवर चाळकऱ्यांनी घराघरातली पिंपं जिन्यात आणून शेजारची खोली भिजवून ठेवली होती, म्हणून ती वाचली. त्यातलाच एक पोरगा पुढे भरतीत निवडला गेला. दाब आला की ब्रँच, म्हणजे होजचं पुढचं तोंड, माणसाला मागे फेकते, ती एकट्यानं धरायची नसते, हे मीच त्याला शिकवलं. आज तो लीडिंग फायरमन आहे.