अँपमध्ये नवीन ६एल६ पॉवर ट्यूब टाकल्या, एकाच ट्यूबची प्लेट (आतला धातूचा पत्रा) लाल होतेय. बायस किती ठेवू?

पुणेरी_रिफ:
मंडळी, ५० वॉटचं गिटारचं ट्यूब हेड (स्पीकर वेगळा असलेला अँप) आहे, दोन ६एल६जीसी, आत बायसचा, म्हणजे ट्यूबचा करंट ठरवणाऱ्या निगेटिव्ह व्होल्टेजचा, फिरवायचा प्रीसेट आहे. नवीन मॅच्ड पेअर (सारखा करंट घेणारी जोडी) मागवली, विकणारा म्हणाला लावा आणि वाजवा, सेट करायची गरज नाही. लावल्यावर थोड्या वेळात उजव्या ट्यूबच्या प्लेटवर मधोमध लाल पट्टा, डावी एकदम शांत. लगेच बंद केलं. सगळीकडे ७० टक्के ७० टक्के वाचतोय पण कशाचे आणि मोजायचे कुठे? आणि आमचा बासवाला म्हणतो बास अँपचा बायस थंडच, म्हणजे करंट कमीच, ठेवतात, खरं का?

व्हॉल्व्हवाला:
प्रीसेटला आत्ता हात लावू नकोस. आधी दोन ट्यूबची अदलाबदल कर, स्पीकर जोडलेला ठेव आणि नजर प्लेटवरच ठेव. लाली ट्यूबबरोबर डावीकडे गेली तर ट्यूब खराब, उजवीकडेच राहिली तर त्या सॉकेटला बायसचं निगेटिव्ह व्होल्टेज नीट मिळत नाहीये. मग ट्यूब काढून दोन्ही सॉकेटच्या ५ नंबर पिनवर, म्हणजे ग्रिडवर (करंट आवरणारी जाळी), मोज, सारखं यायला हवं. आणि बाबा, आत ४५० व्होल्ट डीसी असतं, अँप बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये उरतं, ते रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय सोल्डरिंग करू नकोस, आणि चालू अँपमध्ये मोजताना एक हात खिशात.

सोल्डर_आणि_सूर:
७० टक्क्यांचं सांगतो. ६एल६जीसीची प्लेट जास्तीत जास्त ३० वॉट उष्णता सोसते, त्याचे ७० टक्के म्हणजे २१ वॉट. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर २१ भागिले ४५०, म्हणजे साधारण ४७ मिलिअँपिअर, तेही गिटार न वाजवता. वाजवलं की प्लेटवरचा भार वाढतो, ती जागा राखून ठेवायची म्हणून ७०. माझ्या मते ही वरची हद्द आहे, गाठायचं लक्ष्य नाही, मी ६० च्या आसपास सुरू करून कानाने ठरवतो. कॅथोड म्हणजे ८ नंबर पिन आणि ग्राउंडच्या मध्ये १ ओहमचा रेझिस्टर टाक, मग मीटरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. त्यात स्क्रीनचा (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचा) करंटही येतो, म्हणजे प्लेटचा खरा करंट थोडा कमीच असतो. बायस फार थंड केला तर हळू आवाजात वाजवताना सूर कोरडा, किरकिरा लागतो, कारण एक ट्यूब सोडते आणि दुसरी धरते तिथे खाच पडते.

पुणेरी_रिफ:
अदलाबदल केली, लाली उजवीकडेच. ट्यूब काढून पिन ५ ला डावीकडे उणे ४८, उजवीकडे उणे ३१!!

व्हॉल्व्हवाला:
मग उजवीकडचा कपलिंग कपॅसिटर (मागच्या स्टेजचा सूर पुढे सोडणारा, डीसी अडवणारा) गळतोय, मागच्या स्टेजचं पॉझिटिव्ह व्होल्टेज ग्रिडवर येतंय. त्याचं एक टोक सोडव आणि परत मोज, उणे ४८ आलं की चोर तोच. ६०० व्होल्टचा नवीन टाक, दोन्ही बाजूंचे एकदमच बदल. ट्यूबचा काही दोष नाही, पण लाल झालेली जरा तपासून घे.

लो_बी:
बासवाल्याचं अर्धं खरं आहे. अँपेग एसव्हीटी घ्या, १९६९ चं, ३०० वॉट, आज त्यात सहा ६५५० ट्यूब असतात आणि प्लेटवर ७०० व्होल्टच्या आसपास. इतक्या व्होल्टेजला ७० टक्के लावले तर ट्यूब सतत भाजत राहतात, म्हणून तिथे बराच कमी करंट ठेवतात. म्हणजे कारण व्होल्टेज आहे, बास नाही. आणि व्हॉक्स एसी३० सारख्या कॅथोड बायसवाल्यात तर फिरवायला प्रीसेटच नसतो, चार ईएल८४ ट्यूबचा करंट कॅथोडचा रेझिस्टरच ठरवतो.

अजून एक, हेड ट्रान्सफॉर्मरच्या २२० व्होल्टच्या टॅपवर असेल आणि घरी रात्री २४० येत असतील तर ट्यूब तापवणाऱ्या हीटरलाही ६.३ ऐवजी जवळजवळ ६.९ मिळतात आणि प्लेटचं व्होल्टेजही चढतं. त्यामुळे बायस त्याच वेळी लाव जेव्हा मेन्स सगळ्यात जास्त असतो, आणि प्रीसेट फिरवला की प्लेटचं व्होल्टेज परत मोज, करंट वाढला की ते खाली येतं आणि गणित बदलतं.