आईला पैसे दिले की टॅक्स? आणि दिले म्हणून चोर?

ठाणे_स्लो
काल सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लांबलचक मेसेज टाकला. म्हणे आईवडिलांना वर्षाला ५० हजारांच्या वर पाठवले की त्यांना टॅक्स लागतो, घरी नोटीस येते. वर उपदेशही की आईच्या नावावर पैसे ठेवणारी मुलं आईचं नाव वापरून सरकारला फसवतात. खाली अंगठ्यांची रांग. ग्रुपवर वाद नको म्हणून गप्प बसलो, इथे बसवत नाही.

पहिली गोष्ट धादांत खोटी. ५० हजारांची मर्यादा परक्याकडून आलेल्या पैशाला. मुलगा, मुलगी, सून, जावई यांनी दिलेले कितीही असोत, घेणाऱ्याला टॅक्स नाही. देणाऱ्यालाही नाही. गिफ्ट टॅक्सचा १९५८ चा कायदा १९९८ मध्येच गुंडाळला.

दुसरी जास्त डोक्यात गेली. बायकोला पैसे दिले तर त्यावरचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. सासूसासऱ्यांनी सुनेला दिले तरी तेच, अल्पवयीन मुलांचंही तेच. त्या यादीत आईवडील नाहीत. कायदाच तसा आहे, मी काही खिडकीतून आत शिरलेलो नाही. बाबा लालबागला गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर काय झालं ते सांगायला नको. आईला कसली पेन्शन? नोकरी सोडताना मिळालेल्यातले ३० लाख तिला दिले, तिने ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० येतात. आता दूधवाल्याचा हिशोब ती करते आणि मला म्हणते, 'तू खिशात हात घालू नकोस.' ही फसवणूक?

निवृत्त_मास्तर
कायद्यात बसतं, कबूल. पण हेच ३० लाख तुमच्या नावावर असते तर व्याजावर ३० टक्क्यांपर्यंत टॅक्स गेला असता, ते सांगायचं राहिलं. माझं आयुष्य बँकेच्या काउंटरवर गेलं. मार्च आला की मुलं आईला हाताला धरून आणायची. फॉर्म आधीच भरलेला, आईला फक्त 'इथे सही कर'. एका आजींनी विचारलं, 'किती आहेत रे?' मुलगा म्हणाला, 'तुला काय करायचंय?' सही आईची आणि ओटीपी मुलाच्या मोबाइलवर. याला भेट म्हणायचं की चोरी?

मुलुंडचा_सीए
मास्तर, तुमची शंका कायद्यालाही आली होती. परत घ्यायच्या बोलीवर दिलेत, तर उत्पन्न देणाऱ्याच्याच डोक्यावर. मुद्दल स्वतःकडे ठेवून नुसतं व्याज आईला, तरी तेच. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ६० ते ६३. आता १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आहे, कलमांचे आकडे बदललेत, तत्त्व नाही. तेव्हा द्यायचे तर खरंच द्या. बँकेतून द्या आणि साध्या कागदावर भेटीचं पत्र करून दोघांच्या सह्या घ्या. रोख देऊ नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतले तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो, मग ती आई का असेना.

जाता जाता: मावशीने भाच्याला दिले तर माफ. भाच्याने मावशीला ५० हजारांच्या वर दिले तर सगळ्या रकमेवर मावशीला टॅक्स. हे समजावताना माझे क्लायंट मलाच वेड्यात काढतात.

गिरगाव_सोडलेला
मावशीचं काय घेऊन बसलात! बापाने मुलाला राहतं घर बक्षीस दिलं तर स्टॅम्प ड्युटी २०० रुपये. मी माझा फ्लॅट वडिलांच्या नावे करायला गेलो तर ३ टक्के, आणि मुंबई म्हणून वर सेस. मुंबईतल्या फ्लॅटचे ३ टक्के म्हणजे किती, ते करा कागदावर! सरकारच्या मते प्रेम फक्त वरून खाली वाहतं.

चेंबूरची_धाकटी
टॅक्स झाला, स्टॅम्प झाला. आई गेल्यावर ते पैसे कुणाचे, यावर कुणीच का बोलत नाही? आमच्या दादानेही आईला असेच 'गिफ्ट' दिले. टॅक्सवाल्यांना सांगितलं आईचे, आम्हाला सांगितलं माझे. तेराव्याला पानात वडे वाढले होते आणि वहिनींनी हक्कसोडपत्र पुढे केलं. पेनसुद्धा आणलं होतं.

अंधेरीचा_भाऊ
पैसे भावाचे आणि वाटा तुम्हाला? व्वा. आईला सांभाळलं कुणी?

चेंबूरची_धाकटी
सांभाळलं? दर शनिवारी हार्बर धरून आईची अंथरुणं बदलायला मी जायचे. दादा महिन्याला एक व्हिडिओ कॉल करायचा, तोही आयपीएल नसेल तेव्हा. आणि भाऊ, एक ठरवा. दिले म्हणजे ते आईचे झाले. आईचे झाले तर माझाही वाटा. नसतील झाले तर दादाने सरकारला थाप मारली. दोन्हीकडून कसं चालेल?

ठाणे_स्लो
ताई, तुमच्या दादाचा राग माझ्यावर का? मलाही बहीण आहे, ती दिवाळीला पणती आणते आणि आईचा फ्रीज तपासून जाते. तिने एक रुपया घातलेला नाही.

चेंबूरची_धाकटी
बघा, आलात ना रुपयावर!

मुलुंडचा_सीए
दोघंही श्वास घ्या. हिंदू वारसा कायदा १९५६, कलम १५. मृत्युपत्र न करता बाई गेली तर मुलगे, मुली आणि नवरा, सगळ्यांना सारखा वाटा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितलं. ताईंचं बरोबर आहे. देणाऱ्या मुलाला पैसे परत हवे असतील तर आईने मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार लागतात, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक.

अंधेरीचा_भाऊ
म्हणजे आईला सांगायचं, 'दिले, पण मरताना मला परत दे'? हीच ती परत घ्यायची बोली ना?

मुलुंडचा_सीए
देतानाच अट घातली तर हो. आईने आपल्या मर्जीने मृत्युपत्र केलं तर नाही. मर्जी कुणाची हे मला कागदावरून कळत नाही. ते मास्तरांना काउंटरवरून दिसतं.

निवृत्त_मास्तर
अखेर माझा काहीतरी उपयोग निघाला, आभारी आहे. ठाणेकर, चोरी हा शब्द तुमच्यापुरता मागे घेतला असं समजा. ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो तेवढं सांगा.

ठाणे_स्लो
आईच्याच. ती फोन करून विचारते, 'हे सहा आकडे कुणाला सांगायचे नाहीत म्हणे, तर तुला सांगू का?'

निवृत्त_मास्तर
नका ऐकू.

गिरगाव_सोडलेला
त्या ३ टक्क्यांबद्दल कुणाला काही माहिती आहे का? मी अजून इथेच आहे.

नवी_सून_७
माझा वेगळा प्रश्न. मला माझ्या आईला चार लाख द्यायचेत, माझ्या पगारातले. नवऱ्याला न सांगता चालतात का?

मुलुंडचा_सीए
चालतात. बँकेतून द्या, पत्र करा. नवऱ्याची सही लागत नाही.