मदत हवी आहे: चालू स्वॅप बंद न करता उबंटूवर दुसरी स्वॅप फाइल कोठे ठेवावी?

नमस्कार. कोल्हापुरात मंगळवार पेठेतील एका छोट्या वाचनालयाचे जुने दिवाळी अंक स्कॅन करून, टेसरॅक्ट या प्रतिमेतील अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने त्यांतील मजकूर शोधता येईल असा करण्याचे काम मी पाहतो. कागद इतके ठिसूळ झाले आहेत की प्रत्येक अंक पुन्हा उलगडावा लागू नये, म्हणून पाने मोठ्या रिझोल्यूशनने स्कॅन केली आहेत, आणि तेथेच मेमरी अपुरी पडते.

संगणकावर उबंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आहे, रॅम ४ जीबी आहे आणि मदरबोर्ड त्याहून अधिक रॅम घेत नाही. आधीपासून असलेली २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम अपुरी पडल्यावर तिच्यातील मजकूर डिस्कवर उतरवण्याची जागा) पूर्ण भरते आणि काम अर्ध्यावर तुटते. कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) नोंदींत ‘आउट ऑफ मेमरी’ असे स्पष्ट दिसते.

जुनी फाइल मोठी करायची तर आधी स्वॅपऑफ करावे, म्हणजे तिचा वापर थांबवावा लागते. त्या वेळी स्वॅपमध्ये गेलेले सर्व काही रॅममध्ये परत आणावे लागते आणि तेवढी जागा नसेल तर ते साधत नाही. देवघेवीच्या नोंदीही दिवसभर याच संगणकावर चालतात, त्यामुळे जुनी फाइल तशीच ठेवून ८ जीबीची दुसरी जोडणे मला अधिक सुरक्षित वाटते. डीडी आज्ञेने फाइल तयार करणे, परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, ठेवणे (रॅममधील कोणताही मजकूर स्वॅपमध्ये उतरू शकतो, म्हणून ही पायरी गाळू नये), मग मेकस्वॅपने तिला स्वॅपचे रूप देणे, स्वॅपऑनने ती सुरू करणे आणि शेवटी, पुढच्या वेळी ती आपोआप जोडली जावी म्हणून, एफस्टॅब या फाइलीत ओळ लिहिणे, असा क्रम ठरवला आहे.

प्रश्न जागेचा आहे. जुनी स्वॅप फाइल ज्या एसएसडीवर आहे तिच्यावर जेमतेम १५ जीबी मोकळे आहेत. जुन्या हार्ड डिस्कवर भरपूर जागा आहे, पण ती संथ आहे. दोन्ही फाइलींना समान प्राधान्य दिले तर कर्नल दोन्हींचा आळीपाळीने वापर करतो, म्हणून हार्ड डिस्कवरील फाइलीला कमी प्राधान्य द्यावे लागेल, हे मला ठाऊक आहे. तरीही एसएसडीवरील स्वॅप भरल्यानंतर संगणक देवघेवीच्या कामापुरता तरी चालतो का? की एसएसडीवरच ४ जीबीची फाइल करून सोबत झेडस्वॅप (स्वॅपमध्ये जाणारा मजकूर आधी रॅममध्येच संकुचित करून ठेवणारी सोय) सुरू करणे बरे? स्वॅपिनेस (कर्नल स्वॅपकडे किती सहज वळतो ते ठरवणारे मूल्य) ६० वरून कमी करण्याचा सल्ला अनेकदा वाचला आहे. परंतु रॅम मुळातच अपुरी असताना त्याने ही अडचण सुटणार नाही, म्हणून ते मूल्य मी तूर्त बदलणार नाही.

इतक्याच रॅमवर मोठ्या प्रतिमांचे काम ज्यांनी केले आहे, त्यांनी यांपैकी कोणती मांडणी टिकली ते कृपया कळवावे.