मदत हवी आहे : झाझेनमध्ये (झेन पद्धतीच्या बैठ्या ध्यानात) श्वास मोजताना तो ताणला जातो

सुसोकुकान, म्हणजे १ ते १० उच्छ्वास मोजण्याच्या सरावाबद्दल विचारायचं आहे. बैठक ठीक आहे: झाफूच्या (ध्यानाच्या गोल उशीच्या) पुढच्या भागावर बसणं, दोन्ही गुडघे टेकलेले, नजर मीटरभर पुढे जमिनीवर. अडचण मोजण्यात आहे. आकडा उच्छ्वासभर मनात लांबवला की श्वासही त्याच्यामागे ताणला जातो, पोट आवळतं आणि ५-६ पर्यंत छातीने हवा ओढावी लागते. आकडा फक्त उच्छ्वासाच्या शेवटी ठेवला तर श्वास मोकळा राहतो, पण मन भटकतं आणि मोजणी १० ओलांडून पुढे जाते. लक्ष तानदेनवर, म्हणजे नाभीखाली तीनेक बोटांवरच्या जागेवर, ठेवलं तरी पोट मुद्दाम ढकललं जातंच. रिन्झाई या झेन पंथाच्या पद्धतीने बसणारे आकडा नेमका कुठे ठेवतात? की मोजणं सोडून झुइसोकुकानकडे, नुसतं श्वासामागे जाण्याकडे, वळावं? सोतो या दुसऱ्या झेन पंथाच्या पद्धतीवाल्यांचंही मत हवं आहे.