कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी कोणती धरावी?

कोरडा_पाय:
परवा अलिबागला गेलो होतो. मोबाइलवर ओहोटीची वेळ सव्वाबारा दाखवत होती, म्हणून बाराच्या ठोक्याला किनाऱ्यावर हजर. समोर किल्ला, मध्ये पाणी. कमरेला लागलं तेव्हा मागे फिरलो. तिथला घोडागाडीवाला नुसतं म्हणाला, "आज भांग आहे." भांग म्हणजे काय, हे विचारायची लाज वाटली. वेळ बरोबर होती, मग पाणी हटलं का नाही? आणखी एक. तटाच्या दगडांत चुना नाही असं वाचलंय. मग तो इतकी वर्षं लाटा खात उभा कसा?

जुना_मास्तर:
तिथी सांगितली नाहीत, पण सप्तमी-अष्टमी असणार, पैज लावतो.

कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आठाचे पाऊणपट सहा. सहाला भरती, तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सव्वाबारा. तुमची वेळ चुकली नव्हती, दिवस चुकला. अष्टमीला चंद्र आणि सूर्य काटकोनात ओढतात, त्यामुळे पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही. हाच भांग. पुनव-अवसेला दोघांची ओढ एका रेषेत येते, ते उधाण. आता गंमत बघा, त्याच हिशेबाने आपल्या किनाऱ्यावर भर दुपारची ओहोटी जवळजवळ नेहमी भांगाचीच येते. उशिरा उठून निघणाऱ्यांना कुलाबा पावत नाही, तो असा.

पुनवेनंतर दोन-तीन दिवसांनी जा. उधाणाचा जोर एक-दोन दिवस मागून येतो. पुनवेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. तृतीयेला भरती सव्वादोनला, ओहोटी सकाळी साडेआठला. साडेसातला निघा, साडेनऊच्या आत वाळूवर परत या. मोबाइलवर वेळेशेजारी पाण्याची उंची असते, ती बघा. अर्ध्या मीटरच्या आसपास हवी.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. तरुणपणी सिद्धिविनायकाच्या देवळासमोरच्या पुष्करणीशी रेंगाळलो आणि बाहेर आलो तर वाट बुडालेली. होडी मिळेना. रात्री नऊच्या ओहोटीपर्यंत तटावर बसून होतो.

चुना नाही हे खरं. मोठाले दगड नुसते एकावर एक रचलेत. लाट आपटते, पाणी फटींत शिरतं, जोर तिथेच विरतो आणि पाणी निथळून जातं. काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू करवलं, संभाजी महाराजांनी पुरं केलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, त्यांनाही तो घेता आला नाही.

खडपावरचा:
मास्तर, चुना नाही म्हणून टिकला, हे मला तितकंसं पटत नाही. मुरूडसमोरचा पद्मदुर्ग बघा. तिथे चुना आहे आणि दगडापेक्षा तोच टिकलाय! दगड झिजून आत गेलाय, सांध्यांतल्या चुन्याच्या चौकटी तशाच पुढे आलेल्या. लांबून पोळं वाटतं. खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, वाळताना मिठाचे खडे धरतं आणि दगड आतून फुटतो. म्हणजे दोन शेजारच्या किल्ल्यांचे कारागीर एकच समुद्र दोन रीतींनी हाताळत होते.

पुलाचा_भक्त:
एवढी गणितं कशाला? भराव टाकून रस्ता करा, चोवीस तास जा.

जुना_मास्तर:
खडपावरच्यांचं मान्य. मी एका किल्ल्यावरून नियम काढला.

भराव मात्र नको. फ्रान्सच्या मोंट सेंट मिशेलला १८७९ मध्ये असाच रस्ता केला. भरतीचं पाणी अडलं, गाळ साचत गेला आणि बेट जमिनीला चिकटायच्या बेतात आलं. शेवटी खांबांवरचा पूल बांधला, २०१४ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला आणि जुना भराव काढून टाकला. कुलाब्याचं अर्धं संरक्षण त्या पाण्यातच होतं. दिवसातून दोनदा बुडणारी वाट हा किल्ल्याचाच भाग समजा.

कोरडा_पाय:
कॅलेंडर काढून पाहिलं. अष्टमीच! मोबाइलवर उंची १.८ लिहिली होती, मी फक्त वेळ वाचली. आता पुनवेनंतरच्या तृतीयेची वाट बघतोय. मास्तर, गजर किती वाजताचा लावू?

जुना_मास्तर:
पाचचा. आणि किल्ल्यात शिरल्यावर नऊचा दुसरा.